इंटरनेटमुळे आपली रोजची कोणती सवय सर्वांत जास्त बदलली?

तुम्ही विचारलंय की इंटरनेट आणि मोबाइलमुळे रोजच्या जगण्यातली कोणती सवय सर्वांत जास्त बदलली. रील्स, ऑनलाइन खरेदी, सुटलेलं वाचन ही उत्तरं तुम्हाला मिळतीलच. माझ्या मते सर्वांत मोठा बदल म्हणजे घर चालवणाऱ्या बायकांच्या हातातून रोख पैसा गेला. पुण्यात कसबा पेठेत आमचं किराणामालाचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते, त्यामुळे हे रोज बघते.

सोय झाली, यात वादच नाही. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, रुपयाऐवजी गोळी द्यावी लागत नाही, रात्री हिशेब पटकन जुळतो. मंडईत कोथिंबिरीच्या एका जुडीलाही स्कॅन चालतं. जुने दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

पण पूर्वी एक तारखेला घरखर्चाचे पैसे बाईच्या हातात पडायचे. ती यादी घेऊन यायची, तूरडाळ दोन किलोऐवजी दीड किलो घ्यायची आणि वाचलेले पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात जायचे. त्यातूनच भिशी, भाचीचा फ्रॉक, मुलीच्या सहलीचे पैसे निघायचे. कुणी विचारायचं नाही. आता तीच वहिनी बिल झालं की आमच्या क्यूआर कोडचा फोटो काढून नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवते आणि बाजूला उभी राहते. मागे गर्दी वाढते. 'मीटिंगमध्ये असतील हो ताई, येतील एवढ्यात.' मग साउंडबॉक्स सगळ्यांदेखत 'दोनशे ऐंशी रुपये प्राप्त झाले' म्हणतो, तेव्हा ती पिशवी उचलते. संध्याकाळी घरी प्रश्न येतो, एवढ्याचं काय आणलंस? नवरा वाईट असतो असं नाही. आकडा समोर दिसतो, म्हणून विचारला जातो.

यूपीआय आलं २०१६ साली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि डाळीच्या डब्यातल्या, साडीच्या घडीतल्या पाचशे-हजारच्या नोटा बायकांना घरच्यांसमोर काढाव्या लागल्या. ती साठवण पुन्हा जमेपर्यंत हातात रोख येणंच कमी झालं.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. तिचं स्वतःचं खातं हवं आणि त्याला तिचाच नंबर जोडलेला हवा. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. खातं तिच्या नावावर, नंबर मात्र नवऱ्याचा किंवा मुलाचा. खात्याला जोडलेल्या नंबरचं सिम त्या फोनमध्ये असल्याशिवाय यूपीआय सुरूच होत नाही, म्हणून आधी बँकेत जाऊन नंबर बदलून घ्यायचा. पिन डेबिट कार्डावरून किंवा आधारवरून ठरवता येतो. बटणांचा साधा फोन असेल तर २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये दुसऱ्याच्या खात्यातून ठरलेल्या मर्यादेत खर्च करता येतो. कॉलेजातल्या मुलांसाठी ते उत्तम, पण बायकोसाठी मला पटत नाही, कारण खर्च मूळ खातेदाराला दिसतोच.

भीती असते ती फसवणुकीची, आणि ती रास्त आहे. दुपारी दुकानात शांतता असते तेव्हा मी ओळखीच्या काकूंना एवढंच घोकून घ्यायला लावते: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समोरचा तुमचे पैसे काढतोय. तरीही पैसे गेले, तर लगेच १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. पिन टाकताना मी स्वतः तोंड फिरवते, म्हणजे घरीही कुणाला सांगायचा नाही हे त्यांना कळतं.

आणि घरातल्या कमावत्या माणसाला एक विनंती. घरखर्चाचे पैसे एक तारखेला एकरकमी तिच्या खात्यावर टाका, दर बिलाला नको.