आजीला ‘त्रोवारे’ का करायचं?

प्रश्न असा: इटालियनमध्ये ‘त्रोवारे’ म्हणजे सापडणं. मग आजीला भेटायला निघालेला माणूस ‘वादो आ त्रोवारे ला नोन्ना’ का म्हणतो? ‘व्हिझितारे’ चालणार नाही का?

नाही. ‘व्हिझितो ला नोन्ना’ हे इटालियन शिकणाऱ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून कान किटले. व्हिझितारे शहराला, संग्रहालयाला. माणसाला लावलं की आधी डॉक्टर डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडेही डॉक्टरांचीच ‘व्हिजिट’ असते. आपल्या माणसाकडे जायचं तर ‘आंदारे आ त्रोवारे’. बाकीचे अर्थ कोशात मिळतील.

खरी गंमत या शब्दाच्या मुळात आहे. अभिजात लॅटिनमध्ये सापडण्याला ‘इन्वेनीरे’. त्रोवारे तिथे नाहीच. मग आलं कुठून? जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रीडरिश डीत्स म्हणाले, लॅटिन ‘तुर्बारे’पासून, म्हणजे ढवळणं. दुसरे भाषाशास्त्रज्ञ ह्यूगो शुखार्ट यांनी त्यासाठी कोळी उभे केले: पाणी ढवळायचं, मासे जाळ्याकडे हाकायचे, म्हणून ढवळण्यातून शोधणं, शोधण्यातून सापडणं. चित्र देखणं आहे, पण ध्वनिनियमांपुढे टिकत नाही. प्रोव्हेन्साल या दक्षिण फ्रान्समधल्या भाषेत या शब्दाचा भाऊ आहे ‘त्रोबार’. तुर्बारेचं आधी ‘त्रुबारे’ झालं असं मानलं, तरी त्या भाषेत दोन स्वरांमधल्या लॅटिन ‘ब’चा ‘व’ होतो: हाबेरेचं अवेर. ‘ब’ मिळतो तो ‘प’पासून: सापेरेचं साबेर, रीपाचं रिबा. त्रोबारच्या पोटात ‘प’च हवा!

फ्रेंच भाषाभ्यासक गास्तों पारीस यांनी तो दाखवला: ‘त्रोपारे’, लॅटिन ‘त्रोपुस’पासून. मूळ ग्रीक ‘त्रोपोस’, म्हणजे वळण. लॅटिनमध्ये आधी तो भाषेचा अलंकार झाला, पुढे चर्चच्या गायनात मूळ स्तोत्राला जोडलेली नवी रचना; ती करणं म्हणजे त्रोपारे. फ्रान्समधल्या लिमोझच्या सें-मार्सियाल मठातल्या अशा रचना प्रसिद्ध आहेत, आणि त्याच मुलखाच्या आसपास त्रोबादोर कवी गाऊ लागले. त्यांच्या भाषेत त्रोबार म्हणजे सापडणं आणि काव्य रचणंही. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 1853 च्या ऑपेराच्या नावातला ‘त्रोवातोरे’ तोच.

रचण्यातून सापडणं कसं निघेल, असं तुर्बारेवाले विचारतात. इन्वेनीरे याच रस्त्याने उलट गेलं: सापडणं, मग वक्तृत्वशास्त्रात मुद्दे शोधणं, आणि त्याच्याच कुळातलं इटालियन ‘इन्व्हेन्तारे’ म्हणजे नवं रचणं. त्रोपारे लिखित लॅटिनमध्ये आढळत नाही, हा त्यांचा दुसरा आक्षेप. ‘सापडणं’ या अर्थाचं तुर्बारे तरी कुठे आढळतं?