सायांग

"मॅम, आमच्या देशाचं काही होईल असं वाटतं तुम्हाला?" खुर्चीत नीट टेकायच्या आत त्यानं विचारलं. सिंगापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्या कानावर सारखा येतो, आपल्या पुण्या-नाशिकच्या मुलांकडूनही. पण फिलिपिन्समधल्या, मनिलाजवळच्या बुलाकान प्रांतातला हा २७ वर्षांचा नर्स असा विचारत होता, जणू घरात कुणी अत्यवस्थ आहे. (त्याच्या संमतीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

तक्रार झोपेची होती. ड्यूटीवरून आला की रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइलवर गावाकडच्या बातम्या. २०२५ च्या पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी शिरलं. आईनं पाठवलेला फोटो त्यानं दाखवला: फ्रिज दोन टेबलांवर चढवलेला आणि त्याच्या दारावर यानंच इथून पाठवलेला मर्लायनचा (सिंगापूरचं बोधचिन्ह, सिंहाच्या तोंडाचा मासा) मॅग्नेट. त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष स्वतः बुलाकानमधल्या बालिवागला गेले, तर सुमारे साडेपाच कोटी पेसोंची, कागदोपत्री शंभर टक्के पूर्ण झालेली नदीकाठची भिंत जागेवर नव्हतीच. "सायांग," तो म्हणाला. दर दुसऱ्या वाक्याला हा शब्द यायचा. त्याच्या तागालोग भाषेत त्याचा अर्थ वाया गेलं, हातचं गेलं. हातातोंडाशी आलेला घास गेला की आपण हळहळतो ना, ते सगळं या एका शब्दात.

सुरुवातीला माझंच चुकलं. "असं सगळीकडेच असतं रे, आमच्याकडेही…" म्हणत मी समजूत घालायला गेले. "येस, मॅम" म्हणाला आणि पुढची वेळ न घेताच गेला. इतकी वर्षं हे काम करूनही ही चूक अधूनमधून होतेच.

तीन आठवड्यांनी आपणहून आला. या वेळी मी बोलले कमी आणि एक काम दिलं: तोंडात 'सायांग' आलं की वहीत टिपायचं. पुढच्या खेपेला चार पानं भरली होती. बाताआनचा अणुवीज प्रकल्प: १९८४ ला बांधून तयार, चेर्नोबिलनंतर बासनात, एक युनिट वीज नाही, कर्जाचे हप्ते मात्र २००७ पर्यंत. लॉस बान्योसची भात संशोधन संस्था: १९६६ मध्ये आयआर-८ हे वाण तिथून आशियाभर गेलं आणि आज फिलिपिन्स तांदळाच्या मोठ्या आयातदारांत. १९८६ चं एड्सा (मनिलातला हमरस्ता): लाखोंनी तिथं उतरून हुकूमशहा मार्कोस यांना घालवलं, २०२२ ला त्यांचाच मुलगा निवडून आला. १९५७: राष्ट्राध्यक्ष मॅगसेसे यांचं विमान सेबूच्या डोंगरावर आदळलं.

या नावापाशी मी थांबले. म्हटलं, १९८५ मध्ये आमच्या बाबा आमट्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शाळेत हे नाव आम्ही पाठ केलेलं असतं. "तुमच्याकडे मॅगसेसे म्हणजे बक्षीस?" तो पहिल्यांदाच मोकळा हसला.

"तुझा जन्म कधीचा?"

"१९९८."

"मग यातलं तुझ्या हातून काय निसटलं, तेवढ्यावर खूण कर."

बराच वेळ पेन नुसतंच हातात. चार पानांत दोन खुणा झाल्या. एक, गावाकडच्या सरकारी दवाखान्यातली कायम नोकरी: आठ महिने वाट पाहून यानं इथला करार केला आणि आठवड्याभरात तिकडचं बोलावणं आलं. दुसरी, २०२२ चं मतदान. नोंदणी करायची राहून गेली होती.

मग २१ सप्टेंबर २०२५ ची गोष्ट निघाली. पूरनियंत्रणाच्या कामांतल्या भ्रष्टाचाराविरुद्ध मनिलात लुनेटा उद्यानात आणि त्याच एड्सावर तरुणांची गर्दी उसळली, तेव्हा याला हुरूप यायला हवा होता. उलट होती ती झोपही उडाली. का, ते त्यालाच हळूहळू सापडलं. देश बुडाला तर निघून आलेलो बरोबर ठरतो. देश उभा राहिला तर आपण पळपुटे. निराशा त्याला परवडत होती. भीती आशेचीच होती.

शब्दाची आणखी एक गंमत त्यानंच सांगितली. इथल्या मलाय भाषेत 'सायांग' म्हणजे लाडका, माया. वॉर्डातली एक मलाय आजी त्याला तशी हाक मारायची, आणि सुरुवातीचे कित्येक दिवस त्याला वाटायचं, ही आपली कीव करतेय!

बातम्या बंद कर, असं मी सांगितलं नाही. सांगून ऐकला नसता. फक्त विचारलं, घरी या सगळ्याबद्दल कुणाशी बोलतोस? धाकट्या बहिणीशी तर नाहीच, म्हणाला. ती २०२३ मध्ये बारांगायच्या युवक मंडळावर निवडून आलेली. बारांगाय म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत. बारांगायच्या सर्वसाधारण निधीतला दहा टक्के वाटा कायद्यानं या मंडळाचा असतो. हा मात्र तिला "बास्केटबॉल भरवणारी पुढारीण" म्हणून चिडवायचा.

आता रविवारी ऑर्चर्ड रोडवरच्या लकी प्लाझात आपल्या माणसांच्या गर्दीत तो कोपरा धरून बसतो आणि व्हिडिओ कॉलवर बहिणीबरोबर त्या दहा टक्क्यांचा हिशेब ओळीओळीनं वाचतो. परत जायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. झोप साडेबारापर्यंत आलीय.

मागच्या महिन्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं: जर्सी घ्यायच्या की लाइफ जॅकेट. बहीण जिंकली, पण पंधरा जर्सी कमी घेतल्या. उरलेल्या पैशांत दोन लांब दोर आणि सहा जॅकेट आली. त्यांच्या पावतीचा फोटो त्यानं मला दाखवला, मोठा करून, तारखेसकट.