जिंकलात, पण कुणाशी?

प्रश्न : मुलगा ओहायोत टोलेडोला एम. एस. करतोय. तिथल्या फुटबॉलचं (आपला नव्हे, तो हेल्मेट घालून खेळतात तो) त्याला वेड लागलंय. फोनवर एकच रडगाणं, "आई, आम्ही जिंकलो तरी रँकिंगमध्ये कुणी विचारत नाही, आमची कॉन्फरन्स छोटी ना!" (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, म्हणे.) हे रँकिंग ठरवतं कोण? आणि छोट्यांनी वर यायचं तरी कसं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, हे दुखणं माझ्याही घरचं आहे. मी नेपरव्हिलला राहतो. तिथून पाऊण तासावर डीकाल्ब, नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाचं गाव. २०२५च्या सीझनपर्यंत त्यांची आणि टोलेडोची कॉन्फरन्स एकच, मिड-अमेरिकन, बोलताना 'मॅक'.

विदर्भाने रणजीत मुंबईला हरवलं की गुण थेट तक्त्यात पडतात. इथे टीम सव्वाशेच्या वर आणि प्रत्येकीला मॅच जेमतेम बारा, सगळे सगळ्यांशी भिडणार कधी? म्हणून मतं. एपी वृत्तसंस्थेच्या यादीसाठी साठेक पत्रकार दर आठवड्याला पंचवीस नावं पाठवतात. नोव्हेंबरपासून तेरा जणांची समिती स्वतःची यादी काढते, प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत कोण खेळणार, ठरतं ते त्या यादीवर. दोन्हीकडे प्रश्न तोच : जिंकलात, पण कुणाशी?

बारांपैकी आठ-नऊ मॅच आपापल्या कॉन्फरन्समध्येच जातात. उरल्या तीन-चार, बहुतेक सप्टेंबरातल्या. मोठ्या टीम तुमच्या गावात सहसा येत नाहीत, पैसे देऊन तुम्हाला आपल्या मैदानावर बोलावतात. मार खा आणि चेक घेऊन घरी जा, असा तो व्यवहार.

७ सप्टेंबर २०२४ला डीकाल्बची पोरं असाच चौदा लाख डॉलरचा चेक घ्यायला नोटर डेम विद्यापीठात गेली. नोटर डेम तेव्हा पाचव्या क्रमांकावर. त्या दिवशी गणेश चतुर्थी. आमच्याकडे माणसं जमलेली, संध्याकाळची आरती व्हायची होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल घेऊन उभा. एकतीस सेकंद उरली असताना आपल्या किकरने ३५ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला, आपण १६-१४ पुढे. नोटर डेमची शेवटची किक आपल्या पोरांनी हातानेच अडवली. बायको म्हणाली, "आता तरी निरांजन लावा." आपला कोच टीव्हीवर ढसाढसा रडत होता.

डीकाल्ब पहिल्या पंचविसात आलं. पुढचीच मॅच घरच्या मैदानावर, 'मॅक'मधल्याच बफेलोशी. हरले, २३-२०. यादीतून नाव गेलं. गंमत बघा, बफेलोला त्या विजयाचं श्रेय मिळालं नाही, उलट लोक म्हणाले, नोटर डेमची मॅच म्हणजे फ्लूक. आणि तेच नोटर डेम पुढे थेट राष्ट्रीय फायनलला पोचलं! माझ्या मते छोट्या कॉन्फरन्सची खरी अडचण ही आहे. एकाने वाघ मारून भागत नाही. बाकीच्यांनीही सप्टेंबरात बाहेर जिंकायला हवं, तरच आपसातल्या मॅचला वजन येतं.

सिनसिनाटीला २०२१मध्ये ते जमलं. नोटर डेमला त्यांच्याच घरी २४-१३ हरवलं, आणि कॉन्फरन्सच्या फायनलला समोर ह्यूस्टनसारखी रँकिंगमधली टीम मिळाली. चार टीमच्या प्लेऑफमध्ये पोचलेली ती छोट्या कॉन्फरन्सची पहिली आणि एकमेव टीम. मग? २०२३मध्ये सिनसिनाटी आणि ह्यूस्टन दोघंही 'बिग १२' या मोठ्या कॉन्फरन्समध्ये निघून गेले. युटाची टीमही अशीच मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेली होती. मान टीमबरोबर जातो, कॉन्फरन्स पुन्हा पाटी कोरी करून बसते. आमच्या डीकाल्बनेही २०२६पासून फुटबॉलपुरतं 'माउंटन वेस्ट'मध्ये जायचं ठरवलं, त्याचा राग मला अजून आहे.

२०२४पासून प्लेऑफ बारा टीमचं झालं, त्यामुळे छोट्यांमधल्या एका विजेत्याला तरी जागा मिळते. २०२५मध्ये तर टुलेन आणि जेम्स मॅडिसन असे दोघं आत गेले. दोघंही पहिल्याच फेरीत हरले आणि "यांना घेतलंच कशाला" हा सूर लगेच लागला.

तुमच्या मुलाला एक आठवण करून द्या. डीकाल्बच्या त्या विजयानंतरच्याच शनिवारी त्याच्या टोलेडोने मोठ्या कॉन्फरन्समधल्या मिसिसिपी स्टेटला त्यांच्या मैदानावर ४१-१७ असं धुतलं होतं. आणि नोव्हेंबरात 'मॅक'च्या मॅच मंगळवार-बुधवारी रात्री असतात, कारण शनिवारचा टीव्ही मोठ्यांचा. टोलेडो डीकाल्बला कधी आलं असेल, तर तो आणि मी त्याच थंडीत कुडकुडत समोरासमोर बसलो असू. मी थर्मासमधून चहा नेतो. त्याने दोन मोजे घालावेत.