वाचकांचे प्रश्न : काळ्या मातीत डिटेक्टर का ओरडतो?

प्रश्न : हौस म्हणून मेटल डिटेक्टर घेतला. सांवेर रस्त्यावरच्या आमच्या शेतात फिरवला, तर पावलोपावली वाजतो. खणावं तर काही नाही. यंत्र खराब असेल का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : बहुधा यंत्र ठीक आहे, माती वाजते आहे. माळव्याची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. त्यातला मॅग्नेटाइट (लोहखनिज) कॉइलला, म्हणजे यंत्राच्या टोकाच्या चकतीला, धातूसारखाच जाणवतो. म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्राला मातीचा आवाज सोडून द्यायला लावा. धातू नसलेला हातभर तुकडा शोधा, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळण्याची सोय) शून्यावर ठेवा आणि कॉइल जमिनीपासून ३० सेंमीवरून ३-४ सेंमीपर्यंत सावकाश खालीवर करत राहा. वर-खाली दोन्ही वेळा आवाज सारखा येईपर्यंत ग्राउंड बॅलन्सचं बटण जुळवा. शेताचा पोत बदलला की पुन्हा हेच.

संवेदनशीलता मात्र कमाल ठेवू नका. नवशिक्यांची हीच चूक होते, कारण जास्त म्हणजे खोल असं वाटतं. या मातीत दोन-तृतीयांशावर यंत्र शांत चालतं, आणि शांत यंत्रच खरा आवाज ऐकू देतं. विजेच्या तारा, चालू पंप आणि खिशातला मोबाइलही गोंधळ घालतात. पुढची कॉइल घ्याल तेव्हा डीडी (डबल-डी, इंग्रजी D च्या आकाराच्या दोन वेटोळ्यांची) घ्या. खनिजयुक्त जमिनीत ती साध्या गोल कॉइलपेक्षा कमी बिथरते.

लोखंड गाळण्याची घाईही नको. १९९२ पासूनचा स्टेनलेस पोलादाचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, त्यामुळे तो खिळ्यांबरोबर गाळला जाईल. गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद गाळाल, तर सोन्याची पातळ अंगठीही जाईल. दोघांचा आवाज जवळजवळ एकच. सराव म्हणून अंगणात जुनी दहा पैशांची अॅल्युमिनियमची नाणी, खिळा आणि पितळेची किल्ली ५, १० आणि १५ सेंमीवर पुरा आणि एकेकाचा आवाज कानात बसवा. एका दिशेने वाजून काटकोनात गप्प बसणारी वस्तू बहुधा खिळा असते.

खणायला सोयाबीन निघाल्यावरचे, रब्बीच्या पेरणीपूर्वीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात चिखल खुरप्याला चिकटतो, मे महिन्यात ढेकूळ फुटत नाही. तीन बाजूंनी कापून माती ताडपत्रीवर काढा, खड्डा पुन्हा तपासा, मग बुजवा. नाणं चिंचेने घासू नका, पाण्यात भिजवलं की पुरे.

प्रश्न : राजवाड्याजवळ किंवा होळकरांच्या छत्र्यांच्या (समाध्यांच्या) आवारात फिरवता येईल का? शेतात काही मौल्यवान निघालं तर?

उत्तर : आवारात मुळीच नाही. संरक्षित वास्तूजवळ परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. शेतात दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार वस्तू, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख कलेक्टरला लेखी कळवावी लागते. (ती दहा रुपयांची मर्यादा अजून तीच!) लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, शिवाय ऐवजातला वाटाही जातो.