बाप्तिस्मा झाला, मग अजून वाट कसली?

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आपला बाप्तिस्मा झालाय, माझं दृढीकरणही झालं, मंडळीसमोर स्वतःच्या तोंडून विश्वास कबूल केला. मग मराठी उपासनेत सगळे अजून वाटेतच असल्यासारखी भजनं का गातात? आपण पोहोचलो नाही का?" तेव्हा घाईत होते, म्हणून आता लिहिते.

नाही पोहोचलो. बाप्तिस्मा म्हणजे निघणं. बायबलमधला अब्राहाम 75 वर्षांचा असताना घरदार सोडून निघाला, तेव्हा "मी दाखवीन त्या देशात जा" एवढंच त्याला सांगितलं होतं. बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्रात अशा विश्वासू माणसांची यादी आहे, आणि ती सगळी वचनाची पूर्ती न पाहताच गेली, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. मला हे जरा अन्यायाचं वाटतं, खोटं कशाला बोलू!

पण लूकच्या शुभवर्तमानातली अम्माऊस गावाच्या वाटेवरची गोष्ट वाचली की माझी तक्रार थोडी निवते. दोन शिष्य यरुशलेमहून निघालेत, साधारण 11 किलोमीटरची वाट. येशूला वधस्तंभावर मारलंय, आशा संपलीय. एक अनोळखी माणूस त्यांच्यासोबत चालू लागतो आणि हे दोघे त्यालाच सगळी हकिकत ऐकवतात! गाव येतं, तो पुढे जायच्या बेतात असतो. "दिवस उतरलाय, राहा आमच्याकडे," असा आग्रह ते करतात. जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो, आणि त्याच क्षणी ओळख पटते, हा तर जिवंत झालेला येशूच! लगेच तो दिसेनासा होतो. मग हे दोघे काय करतात? तसेच उठतात आणि आल्या वाटेने यरुशलेमला परत निघतात. प्रभू भेटला म्हणून चालणं थांबलं नाही, उलट वाढलं. आणि ओळख पटायच्या आधीही तो सोबत होताच. माझ्या कोरड्या दिवसांत मी एवढंच धरून असते.

आता आपल्या मराठीपणाचं. कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असं ते स्वतः सांगत. ज्या मातीत देवाला भेटायला चालत जातात, गात जातात, तिथल्या माणसाला ख्रिस्ताच्या मागे जाणं वेगळं शिकवावं लागलं नसणार. त्यांनी अभंगच लिहिले. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली वर्षं सोपी नव्हती, काही काळ तर दोघं वेगळे राहिले. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. त्यांचं सोवळं-ओवळं आधी सुटलं, बाप्तिस्मा मागून झाला. मला टिळकांपेक्षा त्यांचंच चालणं जास्त पटतं. आणि टिळक तरी कुठे स्थिरावले? 1917 साली, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. 1919 साली ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य अर्धवट होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहीत नेलं.

तू हळूच म्हणालीस ना, की कधीकधी प्रार्थना करताना काहीच वाटत नाही? त्याने घाबरू नकोस. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालताना वारा पाहून बुडू लागला, तेव्हा येशूने आधी हात धरला, "संशय का धरलास?" हे नंतर विचारलं.

लूकचा 24वा अध्याय या आठवड्यात वाच. अडलं तर पाळकसाहेबांना बेधडक विचार, त्यांना आवडतं.

तुझी,
आई