कंट्रोलर व्हायला साडेतीन लाख?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय. एक क्लासवाले साडेतीन लाखांत ‘लायसन्ससह कोर्स’ देतो म्हणतात. भरावेत का? पगार किती? पुण्यात नेमणूक मिळेल का?
– एक पालक, मिरज

उत्तर : एक पैसाही भरू नका. माझी सगळी नोकरी टॉवर आणि रडारवर गेली, नव्या मुलामुलींना मी शिकवलंय, म्हणून ठामपणे सांगते. नागरी विमानतळांवरच्या कंट्रोलरची, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्यांची, भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह या पदाची जाहिरात निघते. २०२३ मध्ये ४९६ जागा होत्या, २०२५ मध्ये ३०९. महिलांना अर्जाचं शुल्कसुद्धा माफ असतं. निवड झाली की प्रशिक्षण प्राधिकरणच देतं, प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या केंद्रात. लायसन्स त्यानंतर. कुठल्याही क्लासला ते देता येत नाही.

तिच्या पदवीत फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही हवेत. मार्कशीट आजच काढून बघा. वयाची मर्यादा २७, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. संगणकावरच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पुढे आवाजाची, मानसिक आणि वैद्यकीय चाचणी, शिवाय अमली पदार्थांचीही.

खरं शिक्षण मात्र वर्गाबाहेर पडल्यावर सुरू होतं. शिकाऊ मुलगी माइकवर खऱ्या विमानांशी बोलते, शेजारी प्रशिक्षक हेडसेट लावून ऐकत असतो आणि गरज पडली तर तत्क्षणी सूत्रं हातात घेतो. असे कित्येक तास भरल्यावर परीक्षा होते आणि त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे एकटीने काम करण्याची परवानगी, मिळते. टॉवरचं (धावपट्टी आणि लगतचा भाग) वेगळं, अप्रोचचं (उतरायला येणारी आणि उडून निघालेली विमानं) वेगळं, एरियाचं (वाटेत उंचावरून जाणारी विमानं) वेगळं. बदली झाली की नव्या ठिकाणी पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा. म्हणूनच मला वाटतं, भरती दरवर्षी, निवृत्त्यांच्या आधीच व्हायला हवी. जाहिरात निघाल्यापासून कंट्रोलर एकटी माइकवर बसेपर्यंत फार वेळ जातो, आणि तोवर रिकाम्या खुर्चीचा भार बाकीच्यांच्या रात्रपाळ्यांवर पडतो. दमलेल्या माणसाच्या हाती विमानं देऊ नयेत.

पगार चांगला आहे. मूळ वेतन ४०,००० पासून, श्रेणी १,४०,००० पर्यंत. भत्ते आणि इतर लाभ धरून वर्षाला साधारण १३ लाख, असं जाहिरातीतच दिलेलं असतं. प्रशिक्षणानंतर तीन वर्षं नोकरी करण्याचा सात लाखांचा बाँडही लिहून द्यावा लागतो, तो सही करण्याआधी दोघांनी मिळून वाचा.

पुण्याचं म्हणाल, तर लोहगावचा टॉवर हवाई दलाकडे आहे आणि गोव्यातल्या दाभोळीचा नौदलाकडे. तिची नेमणूक मुंबईला होईल, नागपूरला होईल, नाहीतर थेट गुवाहाटीलाही. रात्रपाळी सगळीकडेच आहे. याबद्दल तिच्याशी मोकळेपणाने बोला, आणि तिची तयारी असेल तर तिला अडवू नका.