तास बुडवायचा नाही

अगं,

परवा तू आलीस, चहा निवला तरी बोलतच होतीस, आणि चपला घालताना म्हणालीस, "सर, मी शिकवते की विकते तेच कळेनासं झालंय." मी तेव्हा काहीतरी सटरफटर बोलून वेळ मारून नेली. रात्री झोप लागली नाही म्हणून आता लिहायला बसलोय.

धीर धर वगैरे लिहिणार नाही. प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा पास होऊन चार वर्षं तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत स्कूटी पळवतेस, सकाळी डेक्कन, दुपारी पार हडपसर. धीर तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.

मला एकच सांगायचंय. तास बुडवायचा नाही. फाईल राहू दे, फोटो राहू दे, मीटिंगला उशिरा जा, तास घे.

तुला वाटतंय कॉलेजचं हे असं दुकान होणं आत्ता सुरू झालं. नाही गं. इंग्लंडात १९८५ ला जॅरट समितीनं सांगितलं की कुलगुरू म्हणजे चीफ एक्झिक्युटिव्ह समजा, आणि त्याच्या दोन वर्षं आधीच, १९८३ मध्ये, आपल्याकडे वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं होतं. सरकारनं हात आखडला की कॉलेजला गिऱ्हाईक शोधावंच लागतं, त्यात कुणी एक राक्षस नाही, साधा हिशोब आहे. मग २०१० ला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, प्राध्यापकांना गुण देणारा एपीआय आणला, पेपरला गुण, सेमिनारला गुण, आणि पैसे घेऊन छापणारी जर्नलं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. त्यांना चाप लावायला मान्य जर्नलांची केअर यादी काढली, तिचं काम आपल्याच पुणे विद्यापीठात चालायचं, २०२५ ला तीही गुंडाळली. २०१६ पासून एनआयआरएफ हे कॉलेज-विद्यापीठांचं सरकारी रँकिंग, त्यात १० टक्के वजन नुसतं लोकांना तुमच्याबद्दल काय वाटतं याला! म्हणजे चौकातल्या फ्लेक्सलाही मार्क आहेत म्हण ना. आणि यातल्या एकाही रकान्यात आज सव्वाअकराच्या तासाला तू काय शिकवलंस ते मावत नाही.

म्हणून म्हणतो, तास बुडवायचा नाही. ती एकच गोष्ट त्यांना अजून मोजता आलेली नाही.

आता माझं सांगतो, कारण मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. आमच्या कॉलेजात पहिल्यांदा नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेची, टीम येणार होती, मी समन्वयक. सात निकष, सात कपाटं, पाच वर्षांचे अहवाल, त्यातले निम्मे मी बसल्या बैठकीत लिहिले, कधीच न झालेल्या चर्चासत्रांचेसुद्धा. तीन आठवडे टीवायचे तास घेतले नाहीत. एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी वही घेऊन उभा राहायचा, त्याला गोखले इन्स्टिट्यूटच्या अर्थशास्त्राच्या एम.ए.चा फॉर्म भरायचा होता, काहीतरी विचारायचं होतं. मी दोनदा म्हणालो, नंतर ये. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. ग्रेड चांगली मिळाली, माझा सत्कार झाला, ती शाल अजून कपाटात आहे, वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एकही तास सोडला नाही. प्राचार्यांनी बोलावलं तरी शिपायाला सांगायचो, तास संपला की येतो म्हणावं. मी प्राचार्य झालो नाही ते या हट्टापायी असं मी लोकांना सांगतो, आमची ही म्हणते तुमचे पेपर कमी पडले. दोन्ही खरं असेल. पण मला त्याचं काही वाटत नाही. खरंच नाही वाटत. मागच्या महिन्यातही कुणालातरी हेच सांगत होतो.

आता त्या खासगी विद्यापीठाच्या ऑफरबद्दल. पगार बरा आहे, घे. मी अडवणारा कोण? फक्त उन्हाळ्यात पंधरा ॲडमिशन आणायच्या हे टार्गेट ऑफर लेटरमध्ये लिहून मागून बघ, देणार नाहीत. आणि तुझे सध्याचे संस्थाचालक गोपाळ कृष्ण गोखल्यांचं उदाहरण देतात म्हणालीस, फर्ग्युसनमध्ये ७५ रुपये पगारावर वीस वर्षं राबले वगैरे. संतापच आला मला. गोखले त्या संस्थेचे आजीव सदस्य होते, कारभारात त्यांचा आवाज होता, तुला तर दरवर्षी नव्यानं मुलाखत द्यावी लागते आणि सुट्टीचा पगार नाही! त्यागाची भाषा मालकानं नोकराला ऐकवायची नसते. हे तोंडावर बोलू नकोस, मी बोललो होतो, उपयोग झाला नाही.

मुलांच्या फीडबॅकमध्ये पाचपैकी ३.२ आले म्हणून रडलीस, तेही पुरे कर आता. पेपर कडक तपासलेस म्हणून आले. उद्या सगळ्यांना पास करशील तर ४.८ येतील, घ्यायचेत का? गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाचा नियम तूच शिकवतेस ना मुलांना, की मोजमापच टार्गेट झालं की ते मोजमाप म्हणून कामाचं राहत नाही? मग स्वतःच्या बाबतीत विसरतेस कशी?

पण मला खरा राग कशाचा आला सांगू? त्या इंदापूरच्या मुलानं विचारलं, मॅडम, माझा भाऊ डिग्री घेऊन घरच्या शेतात बसलाय, तो बेरोजगारीच्या आकड्यात धरतात का, आणि तेवढ्यात फाईलला लावायच्या जिओटॅग फोटोला, म्हणजे जागेची नोंद असलेल्या फोटोला, चला म्हणून बोलावणं आलं आणि तू गेलीस. असा प्रश्न वर्षातून एकदा येतो गं! कधीकधी तेवढाही येत नाही.

त्याला सांग, नाही धरत. घरच्या शेतात बिनपगारी हात लावणारा पीएलएफएसमध्ये, म्हणजे सरकारच्या रोजगार पाहणीत, रोजगारात मोजला जातो. मग फळ्यावर व्याख्या लिही, वर्षभराचा हिशोब धरणारी नेहमीची स्थिती आणि मागच्या सात दिवसांचा धरणारी चालू साप्ताहिक स्थिती दोन्ही, आणि त्यालाच विचार की तुझ्या भावाला कुठं बसवायचं. भांडू देत वर्गाला, घंटा झाली तरी. सोमवारी तुझा तिथं तास आहे ना? काय झालं ते संध्याकाळी फोन करून सांग, आठच्या आत, नंतर मला झोप येते.

तुझा,
सर